दुपारची कॉफी आणि रात्रीची झोप: कॅफिन वेगळं काढण्याची दोनशे वर्षं

दुपारी चारच्या सुमाराला वाचनाच्या खोलीत काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. डोळ्यांसमोर पेपर उघडा असतो, एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचून होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "चला, कॉफी मारून येऊ." कॉफीने दोन तास बरे जातात. रात्री साडेअकराला दिवा मालवला की मात्र छताकडे बघत पडायचं. दुसऱ्या दिवशी उशिरा जाग, दुपारी पुन्हा पेंग, पुन्हा कॉफी. प्रबंधाचं एक प्रकरण लिहिताना मी या चक्रात काही महिने काढले. नेट-सेट किंवा पेटचा अभ्यास करणारे बरेच जण आत्ता त्यातच असतील.

यावरचा एक उपाय सगळ्यांना माहीत आहे: कॉफी सोडा. पण मला कॉफी आवडते. तिचा वास, कडवटपणा, हातातला गरम कप आणि टेबलावरून उठायला मिळणारं निमित्त, हे सगळंच हवं असतं. नको असतं ते फक्त रात्रीचं जागरण. म्हणजे खरा प्रश्न असा: कॉफीतून कॉफीपण न घालवता कॅफिन कमी करता येतं का, आणि केलं तर झोप खरंच वाचते का? या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला कॉफीइतकंच पुरावा कसा तपासायचा याबद्दलही शिकायला मिळालं. म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्याच गावातून

अहिल्यानगर (बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो) शहराला लागून, भिंगारच्या बाजूला भुईकोट किल्ला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'चा ठराव झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत अटक झाली आणि या किल्ल्यात आणून ठेवलं गेलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, १९४४ मध्ये. ते आपण शाळेपासून ऐकतो. त्याच कैदेत मौलाना आझादांनी उर्दूत पत्रं लिहिली, हे त्या मानाने कमी जणांना माहीत असतं. नवाब सदर यार जंग, म्हणजे हबीबुर रहमान खान शेरवानी, या आपल्या स्नेह्याला उद्देशून ती लिहिलेली होती. तुरुंगातून ती पाठवता येत नव्हती. पुढे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने त्यांचं पुस्तक झालं.

या पत्रांत चहा वारंवार येतो. आझाद पहाटे तीन-चारच्या दरम्यान उठत. ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. बाकीचे कैदी झोपलेले असताना ते स्वतः चहा करत आणि लिहायला बसत. चहाही साधा नव्हे. चमेलीचा गंध असलेला चिनी चहा, बिनदुधाचा. चहात दूध घालण्याच्या आपल्या हिंदुस्थानी पद्धतीवर त्यांनी तिथेच सविस्तर नाराजी नोंदवली आहे. दूध-साखरेच्या नगर जिल्ह्यात बसून!

मी हे पुस्तक साहित्य म्हणून वाचायला घेतलं होतं. पण डोक्यात कॅफिन असल्यामुळे वेगळंच दिसलं: या माणसाने आपला सगळ्यात आवडता, सगळ्यात मन लावून प्यायचा चहा पहाटेला ठेवला होता. तिथून रात्रीच्या झोपेपर्यंत अख्खा दिवस मध्ये पडतो.

आता संशोधक म्हणून लगेच ब्रेक लावायचा. या पत्रांवरून आपल्याला काय कळतं? वेळ कळते, चहाचा प्रकार कळतो, त्यातला आनंद कळतो. काय कळत नाही? एका पेल्यात पत्ती किती होती, दिवसभरात आणखी किती कप झाले, झोप किती गाढ होती. त्यामुळे "आझादांनी पहाटे चहा घेतला म्हणून त्यांची झोप चांगली होती" असं वाक्य आपण लिहू शकत नाही. पत्र वेळेचा पुरावा आहे, मात्रेचा नाही. एक साधन एका प्रश्नाचं उत्तर देतं आणि दुसऱ्याचं देत नाही, हे पहिल्याच पायरीवर लक्षात ठेवू. पण पत्राने एक उपयोगी प्रश्न हातात दिला: झोप वाचवायची तर पेय *कधी* घ्यायचं? याच्या शेजारी दुसरा प्रश्न उभा राहतो: त्यात कॅफिन *किती* आहे? आणि 'किती' हे विचारण्यासाठी आधी कॅफिन नावाची वस्तू वेगळी काढून समोर ठेवावी लागते. ते काम जर्मनीत झालं.

१८१९: एक मांजर, एक कवी आणि मूठभर कॉफी

फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे हा येना विद्यापीठातला पंचविशीचा रसायनशास्त्रज्ञ. वनस्पतींमधल्या विषारी द्रव्यांवर काम करत होता. बेलाडोनाच्या अर्काने डोळ्याची बाहुली मोठी होते, हे तो मांजराच्या डोळ्यावर दाखवायचा. १८१९ मध्ये कवी गटे यांना त्याने हे प्रात्यक्षिक दाखवलं. गटेंना विज्ञानात मनापासून रस होता. जाताना त्यांनी रुंगेला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांचंही विश्लेषण करून बघ म्हणून सुचवलं. रुंगेने त्यातून पांढरे स्फटिक वेगळे काढले. तेच कॅफिन. ही भेट आपल्याला मुख्यतः रुंगेने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतून माहीत आहे, हेही ध्यानात ठेवा.

१८२१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पेलेतिए, काव्हाँतू आणि रोबिके यांनीही स्वतंत्रपणे ते काढलं. १८२७ मध्ये चहातून एक द्रव्य मिळालं, त्याला 'थीन' नाव पडलं. १८३८ मध्ये लक्षात आलं की थीन आणि कॅफिन एकच. म्हणजे चहातलं 'वेगळं' आणि कॉफीतलं 'वेगळं' असं काही नाही, फरक मात्रेचा आहे. "मी कॉफी नाही, चहाच पितो, त्याने झोप जात नाही," असं म्हणणाऱ्या काकांना हे १८३८ चं उत्तर सांगायला हरकत नाही. शेवटी एमिल फिशरने १८९५ मध्ये कॅफिन प्रयोगशाळेत तयारही करून दाखवलं.

द्रव्य हातात आलं. पण ते कॉफीतून काढून टाकायचं आणि चव मागे ठेवायची, याला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर लोकांनी कमी कॅफिनची कॉफी दुसऱ्याच वाटेने प्यायला सुरुवात केली होती, तीही झोपेचा विचार न करता.

चिकोरी: पैशासाठी आलेली, झोपेला उपयोगी पडलेली

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला कॉफीवर देशाचा पैसा बाहेर जातो याचा राग होता. १७८१ मध्ये त्याने खासगी भाजणीवर निर्बंध घातले. घरात चोरून कॉफी भाजली जाते का, हे वासावरून शोधायला माणसं नेमली. त्यात जुने सैनिक होते आणि लोक त्यांना 'कॉफी हुंगणारे' म्हणत. पुढे १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली आणि युरोपात कॉफी आणखी दुर्मिळ झाली. या काळात चिकोरीची मुळं भाजून, दळून, कॉफीत मिसळून किंवा कॉफीऐवजी पिण्याची पद्धत पसरली. रंग तोच, कडवटपणा जवळपास तोच, किंमत कमी. आणि चिकोरीत कॅफिन अजिबात नसतं.

ही गोष्ट युरोपची वाटली तरी ती आपल्या स्वयंपाकघरातल्या बरणीत आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी कॉफी-पावडरी कॉफी-चिकोरी मिश्रण असतात. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. आपण किंमत आणि ब्रँड बघतो, ते प्रमाण कुणी वाचत नाही. आज घरी गेल्यावर वाचा. ७०:३० असेल तर तुम्ही आधीच साधारण तीस टक्के कमी कॅफिनची कॉफी पिताय. ५३:४७ असेल तर जवळजवळ निम्मी.

ब्रेमेन, १९०६: कॅफिन काढलेली पहिली बाजारू कॉफी

जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातला कॉफी-व्यापारी लुडविग रोझेलियस आणि त्याचे सहकारी यांनी १९०५ च्या सुमारास कॅफिन काढण्याची पद्धत बसवली. १९०६ मध्ये त्यासाठी कंपनी काढली. तिचा ब्रँड 'काफे हाग'. फ्रान्समध्ये तेच उत्पादन 'सांका' नावाने गेलं. फ्रेंचमधल्या 'कॅफिनविना' या शब्दांवरून केलेलं ते नाव.

या शोधामागे दोन कथा सांगितल्या जातात. एक, रोझेलियसचे वडील कॉफी चाखण्याच्या धंद्यातले, ते लवकर गेले आणि मुलाने त्याचं खापर कॅफिनवर फोडलं. दुसरी, कॉफीची एक खेप जहाजावर समुद्राच्या पाण्याने भिजली आणि तिच्यातलं कॅफिन उतरल्याचं आढळलं. दोन्ही कथा चांगल्या आहेत आणि दोन्ही जाहिरातीला फार सोयीच्या आहेत. तुमच्या विषयातही अशी 'सफरचंद पडलं' छापाची गोष्ट सापडेल. प्रस्तावनेत ती लिहिण्याआधी विचारा: ही प्रथम कोणी सांगितली, आणि सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय होता? पेटंटचा कागद मात्र वेगळ्या दर्जाचा पुरावा असतो. त्यात कृती लिहावी लागते.

कृती अशी होती. कच्च्या, हिरव्या बिया वाफेवर फुगवायच्या, म्हणजे आतली वाट मोकळी होते. मग द्रावकात धुवायच्या, कॅफिन त्यात विरघळून बाहेर येतं. पुन्हा वाफ देऊन द्रावक घालवायचा. त्यानंतर भाजायचं. भाजण्याच्या आधी हे सगळं करायचं कारण सरळ आहे: कॉफीचा वास भाजताना तयार होतो. आधी भाजून मग धुतलं तर वासही धुतला जाईल.

अडचण द्रावकाची होती. रोझेलियसच्या पद्धतीत बेंझीन होतं. बेंझीनने कर्करोग होतो हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे ते मागे पडलं आणि डायक्लोरोमिथेन, इथाइल ॲसिटेट असे द्रावक आले. १९६७ मध्ये जर्मनीतल्या म्युलहाइमच्या माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल यांना दिसलं की दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड कॅफिन ओढून घेतो. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ पट वातावरणीय दाब यांच्या पलीकडे गेलं की हा वायू धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही. वायूसारखा बीच्या आत शिरतो, द्रवासारखा विरघळवतो. दाब कमी केला की उडून जातो, मागे काही उरत नाही. लक्षात घ्या, ते काम कॉफीच्या संस्थेत झालेलं नाही, कोळशाच्या संस्थेत झालंय. चौथी पद्धत नुसत्या पाण्याची आहे. पाण्यात कॅफिनबरोबर चवही उतरते, म्हणून ते पाणी सक्रिय कोळशातून गाळून फक्त कॅफिन अडवतात. चवीच्या घटकांनी भरलेलं तेच पाणी पुढच्या बियांना वापरतात. मग त्या बियांतून बाहेर पडतं ते मुख्यतः कॅफिन.

तरी 'डिकॅफ' म्हणजे शून्य कॅफिन नाही. युरोपात भाजलेल्या डिकॅफ कॉफीला ०.१ टक्का आणि इन्स्टंट डिकॅफला ०.३ टक्के कॅफिनची मर्यादा आहे. हिशेब करू. चमचाभर, म्हणजे २ ग्रॅम, साध्या इन्स्टंट कॉफीत सुमारे ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. तेवढ्याच डिकॅफ पावडरीत ०.३ टक्क्याने जास्तीत जास्त ६ मिलिग्रॅम. दहावा हिस्सा.

झोप जाते हे सिद्ध कसं करायचं?

इथपर्यंत रसायनशास्त्र झालं. पण कॅफिन काढल्याने झोप वाचते, हे म्हणायला प्रयोग लागतो. त्याची एक जुनी आणि शिकण्यासारखी गोष्ट न्यायालयातून आलेली आहे.

अमेरिकेच्या सरकारने १९०९ मध्ये कोका-कोलाचा माल जप्त केला. त्यातलं कॅफिन अपायकारक आहे, हा एक आरोप होता. १९११ मध्ये चॅटानूगा इथे खटला उभा राहिला. कॅफिनचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो याचा धड पुरावा कंपनीकडे नव्हता, म्हणून तिने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला पैसे देऊन प्रयोग करायला सांगितलं. त्याने अटी घातल्या: निकाल काहीही लागो, मी तो प्रसिद्ध करणार, आणि तुम्ही तो जाहिरातीत वापरायचा नाही. पत्नी लेटा हिच्या मदतीने त्याने न्यूयॉर्कमध्ये १६ जणांवर सुमारे ४० दिवस काम केलं. कॅप्सूलमध्ये कधी कॅफिन, कधी नुसती दुग्धशर्करा. घेणाऱ्याला माहीत नाही आत काय आहे. मोठ्या मात्रेने बहुतेकांची झोप बिघडली, लहान मात्रेने बहुतेकांची बिघडली नाही. खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर तडजोडीत कंपनीने पेयातलं कॅफिन निम्म्यावर आणलं.

ज्याचे पैसे, त्याच्या बाजूचा निकाल, ही शंका त्या काळीही होतीच. हॉलिंगवर्थने तिला उत्तर दिलं ते प्रयोगाच्या आखणीतून आणि आधीच लिहून घेतलेल्या अटींतून. त्याच्या प्रयोगात एक कच्चा दुवा मात्र होता: झोप कशी लागली हे तो माणसांना विचारत होता.

हा दुवा किती कच्चा आहे हे १०० वर्षांनी दिसलं. २०१३ मध्ये डेट्रॉइटच्या ख्रिस्तोफर ड्रेक आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं: कधी झोपायच्या वेळेलाच, कधी ३ तास आधी, कधी ६ तास आधी. काही रात्री नुसत्याच गोळ्या. घरी झोप मोजायला उपकरण लावलं, शिवाय डायरी लिहायला सांगितली. उपकरणाच्या नोंदीत ६ तास आधी घेतलेल्या कॅफिननेही एक तासाहून जास्त झोप खाल्ली होती. डायरीत मात्र ६ तासांच्या रात्रीचा फरक ठामपणे दिसून आला नाही. म्हणजे झोप गेली होती आणि माणसाला ते नीट कळलं नव्हतं.

"मला काही फरक पडत नाही, मी कॉफी पिऊन लगेच झोपतो," हे वाक्य आपण रोज ऐकतो. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण झोपलेला माणूस स्वतःच्या झोपेचा चांगला साक्षीदार नसतो.

४०० मिलिग्रॅम म्हणजे भलती मोठी मात्रा, एका कपाचं काय? २०२३ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात १०७ मिलिग्रॅम कॅफिनची एक मोठी कॉफी झोपेच्या निदान ८.८ तास आधी घ्यावी असा अंदाज निघाला. रात्री अकराला झोपणाऱ्यासाठी ती वेळ दुपारी सव्वादोनच्या आसपास येते. चारचा कप त्यात बसत नाही.

शरीरात काय चालतं

आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या रिसेप्टरवर बसलं की झोप येते. कॅफिनचा रेणू त्याच जागेत बसतो, पण झोपेचा निरोप देत नाही. जागा अडवून धरतो एवढंच. म्हणजे कॅफिन शक्ती देत नाही, थकव्याचा निरोप अडवतं. निरोप साठतच असतो.

कॅफिनचं अर्धायुष्य प्रौढ माणसात सरासरी ५ तास आहे. दुपारी चारला १०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला ५० उरतं आणि अकराला सुमारे ३८. तीच कॉफी दोनला घेतली असती तर अकराला साधारण २९. ७०:३० मिश्रणाच्या चमच्यात सुमारे ४२ मिलिग्रॅम धरले तर चारच्या कपातून अकराला १६ उरतं. आणि डिकॅफचे ६ मिलिग्रॅम घेतले तर अकराला सव्वादोन. वेळ दोन तासांनी मागे ढकलून जेवढं साधतं, त्याच्या कितीतरी पट मात्रा कमी करून साधतं.

पण ५ तास ही सरासरी आहे. माणसामाणसांत ती दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलते. यकृतातलं एक एन्झाइम हे काम करतं आणि त्याचा वेग वेगवेगळा असतो. धूम्रपानाने तो वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी, गरोदरपणात आणि काही औषधांनी तो बराच कमी होतो. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीला चालतं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही. औषधं चालू असतील किंवा गरोदर असाल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करा.

आपल्या घरातली जायफळाची कॉफी

मराठी घरांत पाहुण्यांना, बारशाला, रात्री जागणाऱ्यांनाही दिली जाते ती कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर, चिमूटभर पावडर आणि वर किसलेलं जायफळ. माझी आई म्हणते, "जायफळ घातलंय गं, झोप लागेल." लहानपणापासून मी हे मानत आलेय. जायफळाने कॅफिनचा परिणाम मारला जातो असं मानायला आधार नाही. जायफळाने झोप येते याचाही माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे आणि फार जायफळ पोटात गेलं तर ते विषारी ठरतं. मग आईचा अनुभव खोटा का? नाही. तिच्या कॉफीत पावडर अर्धा चमचा, तीही चिकोरी मिसळलेली. कॅफिन जेमतेम २०-२५ मिलिग्रॅम. झोप जायफळामुळे लागत नसून, मुळात घालवणारं कॅफिनच कमी असल्यामुळे टिकत असणार. श्रेय जायफळाला मिळतं, कारण ते दिसतं आणि दरवळतं. संशोधनात याला गोंधळात टाकणारा घटक म्हणतात. तुमच्या विदेत तो असाच, वास येईल अशा जागी बसलेला असतो.

मग चारच्या कपाला करायचं काय? नगरसारख्या गावात चांगली डिकॅफ हॉटेलात मिळण्याची आशा नको, पण इन्स्टंट डिकॅफची बरणी मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. महाग पडते. म्हणून निम्मी डिकॅफ, निम्मी साधी असं मिसळलं तरी अर्धं काम होतं. फिल्टर कॉफी करत असाल तर अरॅबिका घ्या. तिच्यात कॅफिन साधारण १.२ टक्के, रोबस्टात २.२ च्या आसपास. चिकोरीचं प्रमाण वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. एक गोष्ट मात्र सांभाळा: दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याने एकदम सगळं बंद केलं तर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं आणि तो त्रास काही दिवस टिकू शकतो. हळूहळू उतरवा. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की हा त्रास डिकॅफ प्यायल्याने कमी होतो, आणि 'ही डिकॅफ आहे' असं सांगून दिली तरीही होतो. वास, चव, हातातला कप यांचंही काम चालू असतं.

स्वतःवर प्रयोग करायचा असेल तर

साध्या आणि डिकॅफ इन्स्टंट कॉफीच्या दोन सारख्या बरण्या घ्या. खोलीतल्या मैत्रिणीला किंवा भावाला त्यावर 'क' आणि 'ख' लिहायला सांगा. कुठली कोणती, ते त्याने कागदावर लिहून आपल्याकडे ठेवायचं. कोणत्या दिवशी कुठली प्यायची हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवा. सकाळचा नेहमीचा कप तसाच ठेवा, नाहीतर डोकेदुखीच मोजाल. चारला कप, तेवढंच दूध, तेवढीच साखर. सकाळी उठल्याबरोबर लिहा: दिवा कधी मालवला, अंदाजे झोप कधी लागली, मध्ये किती वेळा जाग आली. नेमकं कशाची तुलना करणार हे सुरुवातीलाच लिहून टाका, शेवटी सोयीचं निवडायचं नाही. दोन-तीन आठवड्यांनी कागद उघडा.

निकाल काहीही आला तरी तो एका माणसाचा आहे आणि तुमची डायरीही ड्रेकच्या डायरीइतकीच भोळी आहे. पण आंधळेपणा कसा राखायचा, चिठ्ठ्या का टाकायच्या, आधी का ठरवायचं, हे पद्धतीच्या पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा या दोन बरण्यांनी लवकर कळतं.

मी आता पूर्ण कॅफिनची कॉफी सकाळीच घेते. चारला डिकॅफ, त्यात थोडं जायफळ. जायफळाने झोप येत नाही हे मला ठाऊक आहे. ते मी वासासाठी घालते. भुईकोट किल्ल्यावरून जाताना आझादांची आठवण येते. त्यांच्याकडे डिकॅफ नव्हती, म्हणून त्यांच्या आवडीच्या चहाला पहाट हीच जागा होती असं मी लिहिणार होते. पण पत्रांवरून ते सिद्ध होत नाही, म्हणून खोडलं.